साबणाच्या हातचं

बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून तिच्या मांजरीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. चौथ्या दिवशी काका तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले. समोरच्या बाकावर एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ होता. त्यांच्या मध्ये तशीच टोपली.

“ताई, हिने आजही खाल्लं नाही तर?”

“शुभ बोल रे!”

“उद्या आईला हॉस्पिटलातून घरी सोडणार. दारातूनच आधी हिला हाक मारेल ती.”

“आईचा स्वेटर घालून भरव म्हटलं होतं ना तुला?”

“घातला होता. हुंगला आणि तोंड फिरवून गेली.”

“धुतलास की काय?”

“आईचा म्हणून स्वच्छ केला. दोनदा.”

“शहाणाच आहेस! आईच्या हातचं खाणारी ती, साबणाच्या हातचं कशाला खाईल?”

“मग आता गं?”

“आता काय, डॉक्टर नळीने भरवतील.”

“उद्यापर्यंत टिकेल ना?”

बहिणीने टोपलीचं झाकण जरा उचलून आत पाहिलं.

काकांनी आपल्या टोपलीवर हात ठेवला. घरी दारामागे बायकोचा स्वेटर होता, न धुतलेला. काका रोज त्यात तोंड खुपसून उभे राहत. तो खुंटीवरून काढून मांजरीला द्यायचा मात्र राहिला होता.