वास येतो म्हणे!

वास येतो म्हणे! लाडवाला वास येतो! अहो, सुंठीचा लाडू हाय, त्याला सुंठीचा वास नाय येणार तर काय मोगऱ्याचा येणार? पण नाय... विहीणबाईंचं म्हणणं, सुंठीचा नाय, दुसराच कसला तरी येतो. दुसरा कसला? तर बोंबलाचा! माझ्या लाडवाला! चिंचणीच्या आमच्या आळीत कुठल्याही घरात शिरा आणि विचारा, बाळंतपणात कुणाच्या हातची सुंठ खाल्ली? जमनाची! चाळीस वर्षं झाली तुमाला सांगते, एका बाईनं नाक मुरडलं नाय, आणि ह्या म्हणतात वास येतो!

आता ही सुंठ मी करते कशी, तेवढं ऐका, मग तुमीच न्याय करा. आलं आणायचं चांगलं जून, खरवडायचं, चुन्याच्या निवळीत बुडवायचं, मग जाळ्याच्या निळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या माळा करायच्या आणि उन्हात टांगायच्या. कुठं टांगायच्या? आता आमच्याकडं टांगायला जागा कुठली? बोंबलाचीच ना! बांबू रोवलेत, दोऱ्या बांधल्यात, ऊन तिथं, वारा तिथं... एक रांग बोंबील, एक रांग आलं. माझी आई तसंच करायची, तिची आई तसंच करायची. वारा काय विचारतो, तू बोंबील का तू आलं? वाळतात बिचारे दोघं शेजारी शेजारी, भांडण नाय तंटा नाय, आणि ह्यांना वास येतो.

तर झालं काय, माझी भाविका बाळंत झाली. मुलगा झाला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी व्हायला पायजे का नको? रीतच हाय! पण विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या कॉलनीत दवाखाना दोन पावलांवर आहे हो, कशाला उगाच जिवाला घोर?" बरं, म्हटलं. जावयाचे वडील इथल्या विजेच्या प्लँटात नोकरीला लागले तेव्हा साताऱ्याकडनं इकडं आले, आता जावईबापू इंद्रजीतही तिथंच, माणसं चांगली हायत, खोटं कशाला बोलू. बाळंतपण तुमी करा, म्हटलं, पण सुंठ माझी! बाळंतिणीच्या पोटात पहिली ऊब जायची ती आईच्या हातच्या सुंठीची, एवढंच माझं मागणं. सोनं नाय मागितलं, मानपान नाय मागितला. लेकीनं माझी सुंठ खावी, बस्स.

केले लाडू. तूप, गूळ, खोबरं, डिंक, आणि सुंठ अशी घातली की खाणाऱ्याच्या कानातनं वाफ निघावी. डबा घेतला, रिक्षात बसले, गेले कॉलनीच्या गेटवर. तिथं पहारेकरी, लांबचा कुठला तरी, मिशावाला. "माताजी, डिब्बे में क्या है?" म्हटलं, लड्डू हाय, लड्डू. त्यानं झाकण उघडलं, वाकला... आणि ताठ उभा राहिला. "माताजी, मछली ले जाना मना नहीं है, पर झूठ काहे बोलती हो?" मी म्हटलं, मेल्या, तुझ्या आईनं कधी सुंठ खाल्ली होती का? त्याला काय कळलं देव जाणे, पण सोडलं आत.

चार दिवसांनी परत गेले. भाविका खाटेवर, गालफडं बसलेली, अन्नावर वासना नाय, आणि कोपऱ्यात माझा डबा. उघडून बघते तर भरलेला! एक लाडू कमी नाय! विहीणबाई आल्या पदर सावरत, गोड आवाजात, "अहो जमनाबाई, राग मानू नका हं... पण आमच्या ह्यांनी परवा डबा उघडला नि म्हणाले, आज बोंबलाचं कालवण केलंय वाटतं, भात वाढ! आता बाळंतिणीला असलं कसं द्यायचं? वास येतो हो." आणि डबा दिला माझ्या हातात. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात आपल्यात, चिमूटभर साखर तरी घालून देतात... पण भरलेलाच परत द्यायचा, ही रीत कुठली? आणि ह्याच बाई बरं का, पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडनं चार शेकडा बोंबील घेऊन जातात, भाकरीबरोबर भाजून खातात, तेव्हा वास नाय येत! मी निघाले तेव्हा त्यांना वाटलं असेल, सुंठीवाचून खोकला गेला.

घरी आले. रडू आलं मला. रागाचं रडू, दुसरं कसलं नाय... थोडं दुसरंही असेल. आमचे हे, दादू, ओट्यावर जाळं विणत बसलेले, मान वर न करता म्हणतात, "जमने, पिकतं तिथं विकत नाय." म्हटलं, मी विकायला गेले होते का? लेकीला द्यायला गेले होते! घरात उरल्यासुरल्या जेवढ्या माळा होत्या त्या उचलल्या, आणि नाक्यावरच्या मेहुलभाईच्या दुकानात नेऊन आपटल्या. किराणावाला गुजराती तो, म्हणाला, "अरे जमनाबेन, आटली बधी, एवढी सगळी सुंठ? काय करू मी हेचा?" म्हटलं, समुद्रात टाक, नायतर चहात टाक, माझ्या डोळ्यांसमोर नको.

पण रात गेली की राग उतरतो माणसाचा, आणि आई म्हटली की जरा जास्तच उतरतो. भाविकाची ती गालफडं दिसायला लागली मला. मग काय केलं असेल मी? नवीन आलं आणलं! बोंबलाच्या जवळपास नाय फिरकले. शेजारच्या गोजराबाईच्या गच्चीवर धुतलेलं लुगडं अंथरलं, त्यावर आलं पसरलं, वरनं दुसरं लुगडं, आणि चैत्राच्या उन्हात कावळे हाकत बसले. मी! जिनं जन्मभर मांजरं हाकली ती! बोंबलांना हात लागला तर आधी आंघोळ, मग गच्ची. आळीतल्या बायका हसायला लागल्या, म्हणे जमनानं सोवळं धरलं.

तीन आठवड्यांनी नवे लाडू घेऊन गेले. गेटवर तोच मिशावाला. वाकला, हुंगला, म्हणाला, "हाँ माताजी, आज सच में लड्डू है." माझी छाती अशी फुगली तुमाला सांगते! आत गेले तर भाविका बसलेली, गालावर तुकतुकी, लाडू खात! लाडू! कुणाचा लाडू? विहीणबाई म्हणाल्या, "अहो, बोईसरला एक हिमानी मॅडम आहेत, आयुर्वेदिक दुकान आहे त्यांचं. त्यांची सुंठ आणली, आणि काय सांगू, पोरगी मागून मागून खाते!" म्हटलं, माझे पण बघा, नवीन केलेत, वास नाय. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला, थांबल्या, आणि काय म्हणाल्या माहीत हाय? "ह्याला तो सुगंध नाही हो जमनाबाई. ही सुंठ डुप्लिकेट दिसते."

डुप्लिकेट! मी कावळे हाकले! वीस दिवस!

पुढं ऐका. त्यांनी फोन काढला, म्हणाल्या, शिकून घ्या जरा. फोनमध्ये ती हिमानी मॅडम, केस मोकळे, गळ्यात रुद्राक्ष, "नमस्कार फ्रेंड्स! तर सुंठ म्हणजे बेसिकली आपला अग्नी... आणि ही आहे आपली स्पेशल समुद्री सुंठ! सागरी वाऱ्यात, पारंपरिक पद्धतीनं वाळवलेली. डोळे मिटा, वास घ्या... जाणवतोय तो खारा, खोल सुगंध?" आणि इकडं विहीणबाई खरंच डोळे मिटून डबी हुंगतायत! मी म्हटलं, बघू ती डबी. हातात घेतली. आत अख्खी सुंठ, बोटभर माळेत ओवलेली. दोरा निळा. जाळ्याचा. आणि गाठ... अहो, ती गाठ माझ्या आईनं मला शिकवलेली, अंधारात दिली तरी ओळखीन! नाकाशी नेली, आणि आला तुमाला सांगते, आला! बोंबलाचा वास!

सगळं डोक्यात लख्ख झालं. मेहुलभाईनं समुद्रात नाय टाकली, बोईसरात टाकली! आणि माझ्या तोंडाशी आलं होतं, अगदी ओठांवर आलं होतं, की अहो बाई, ही माझी हाय, हिचेच लाडू तुमी मला परत दिले होते... तेवढ्यात भाविकानं पाणी मागितलं. विहीणबाई आत वळल्या, तशी तिनं माझा हात धरला, चांगला आवळून. "आई, गप. पयल्याच घासाला कळलं मला तुझी हाय ती. तू बोललीस ना, तर ही पण बंद होईल." आणि उरलेला लाडू तोंडात टाकून हसली. लहानपणी चोरून खाताना हसायची ना, तशी.

काय करणार होते मी? गिळला राग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. विहीणबाई पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, "काय, कळला ना फरक?" म्हटलं, कळला बाई. म्हणाल्या, "मग पुढच्या खेपेला हे असलं घरचं काही करत बसू नका. बोईसरला जाणं होतंच ना तुमचं? एक डबी घेऊन या." आणि माझे कावळे हाकून केलेले लाडू दिले परत. भरलेला डबा. दुसऱ्यांदा! गेटवरच्या मिशावाल्याला दिले मी ते. खाल्ले बिचाऱ्यानं, आवडले त्याला.

आणि येताना मेहुलभाईला गाठला, म्हटलं मेल्या, ही कसली दुकानदारी? तर तोच हात जोडून, "जमनाबेन, भांडू नको, बरं झालं आलीस! मॅडमचा फोन हता, अजून माल पायजे. पण एक सांगतो, बोंबलाच्या रांगेतच टांगायचा हां, बीजे कुठे नाय. वास पायजे!"

मग काय, टांगल्यात पुन्हा. एक रांग बोंबील, एक रांग आलं. ते वाळून डबीत जाईपर्यंत लेकीला काय देऊ? गेले कालच बोईसरला, उभी राहिले हिमानी मॅडमच्या दुकानात पिशवी घेऊन, आणि घेतली विकत. माझंच आलं, माझाच दोरा, माझीच गाठ! नेऊन दिली विहीणबाईंना. त्यांनी डबी उघडली, हुंगली, खूश झाल्या, आणि म्हणतात कशा, "जमनाबाई, बिल जपून ठेवा हं. वास कमी निघाला तर बदलून देतात."

ठेवलंय बाबा. कनवटीला बांधून ठेवलंय.