एकवीस भांडणं

मुलांच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर, समुपदेशकांच्या घरभेटींच्या यशाचे आकडे जुळवत बसलेल्या तरुणीने कान टवकारले. शेजारी समुपदेशक ताई एका आईचा फॉर्म भरत होत्या.

“मावशी, महिन्यात लेकीशी भांडणं किती?”

“एकवीस. तुम्हीच मोजायला सांगितलंत ना?”

“अहो, घरभेटी सुरू झाल्या तेव्हा शून्य होती! हा आकडा बघून न्यायाधीश साहेब तिला सुधारगृहात धाडतील,” ताई म्हणाल्या.

“धाडतील कसे? तेव्हा पोरगी घरी असायचीच कुठं? भिंतीशी भांडू?”

“आणि आता?”

“शाळेतून थेट घरी. टॉवेल माझाच वापरते, कंगवाही माझाच, वर स्वयंपाकही मलाच शिकवते!”

“मग आत हेच सांगा.”

“सांगते. पण लवकर बोलवा म्हणावं. माझी चप्पल घालून पाणी आणायला गेलीय. आली की बाविसावं इथंच होणार!”