आडतीतला गरम डबा

तुम्ही हसाल, पण कॉम्प्युटर नीट केला म्हणून मी शिव्या खाल्ल्यात. मुरुडच्या एका आडत दुकानात मुनीमजींच्या टेबलावरचा डब्याएवढा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. उघडला, तर माहिती साठवणारी एसएसडी ऐन झाकणाखाली बसवलेली, तव्यासारखी तापलेली, अन् वरच्या जाळीत सोयाबीनचे दाणे! दाणे काढले, छोटा पंखा लावला. झाकण गार, मुनीमजी खूश.

आठ दिवसांनी गेलो, तर एक शेतकरी काका माझ्यावरच तापले. "तूच का रे त्यो मेकॅनिक? नंबर येईस्तोवर नमुन्याचं मूठभर सोयाबीन ह्या डब्यावर ठेवलं, की ओल मोजायच्या मशीनवर आकडा कमी यायचा अन् भाव जास्त मिळायचा. लई कामाची चीज व्हती, वाटोळं केलंस!"

मुनीमजींचा चेहराच पडला. "अन् मला वाटायचं, लोकं माझ्या गप्पा ऐकायला टेबलापाशी बसून राहतात!"