ठरावातलं एक वाक्य

अध्यक्ष महाराज, विभागप्रमुख सर, पुढे बसलेले मुजावर चाचा, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला सभेत बोलता येत नाही. आमच्या माधवनगरच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. चारचौघांत तोंड उघडायचं नाही, हे मात्र शाळेच्याही आधी शिकले. तरी बोलते. कारण आत्ता वाचलेल्या शोकठरावात एक वाक्य आहे: "त्यांच्या अकाली निधनाने त्यांचे पीएच. डी.चे संशोधन अपूर्ण राहिले."

हे खरं नाही.

मुजावर सर आपल्या प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग शेजारच्या टेबलावरची सहकारी. कवठे महांकाळच्या माळावर पावसात डबकी साठतात आणि थोड्याच दिवसांत आटतात. तेवढ्यात त्यांत बोटाच्या पेराहून लहान, काचेसारखे जीव जन्मतात. उताणे पोहतात, अंडी घालतात, मरतात. अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पाणी मिळालं की फुटतात. पण सगळी नाही. थोडी फुटतात, थोडी थांबतात. का थांबतात? सरांचा प्रबंध या एका प्रश्नावर होता.

त्यासाठी ते दर उन्हाळ्यात डबक्यांच्या तळाची माती आणायचे. ती ठेवायला पत्र्याचे डबे त्यांच्या वडिलांनी, चाचांनी, स्वतः करून दिले. चाचा, तुम्ही मला म्हणाला होता, "आवं बाई, लोकांची पोरं शिकून पैका आणत्यात. आमचं माती आणतंय." आणि हसत हसत पुढचा डबा ठोकायला बसला होता.

गेल्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती. प्रयोगशाळा धुऊन काढायची होती. मुजावर सर तेव्हा माळावर होते. विभागप्रमुख सर, मी तुम्हाला सांगितलं की त्या डब्यांत अंडी आहेत. तुम्ही हसलात. "समितीला काय माती दाखवायची, बाई?" दुपारी ती माती बागेतल्या गुलाबांना घातली गेली. डबे चांगले होते म्हणून ठेवले. आज त्यांत खडू आहेत.

प्राणी फेकले ते प्राणिशास्त्राच्या माणसांनी. समितीनं स्वच्छतेबद्दल कौतुक केलं.

मुजावर सर परत आले. वाफ्याशी बसले. चिमूटभर माती बोटांत चोळली आणि पुन्हा टाकली. मी म्हटलं, सर, परत आणू. रागावले की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची, आवाज मात्र चढायचा नाही. ते म्हणाले, "कुठनं आणायची? दोन डबकी नव्या रस्त्याखाली गेल्यात. आणि मागची वर्सं कुठनं आणू?"

त्यांना कुणी काही विचारलं? विभागाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सगळे गप्प होते. मग चहा आला.

सर काविळीनं गेले. मातीपायी गेले असं मी म्हणणार नाही. दिसलं तेवढंच लिहायचं, जास्त नाही, कमी नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणून मागते ते एवढंच. ठरावातही दिसलं तेवढंच लिहा. त्यांचं संशोधन मृत्यूनं मोडलं नाही. ते आधीच बाहेर टाकलं होतं, आणि टाकणारे सगळे या सभागृहात आहेत. मृत्यूच्या माथी ते मारू नका.

सरांच्या फोटोला हार घातलाय. गुलाब आपल्याच बागेतले आहेत. यंदा चांगले फुललेत.

शोकठरावावर मतं घेत नाहीत, अशी आपली रीत आहे. सगळ्यांनी उभं राहायचं, स्तब्धता पाळायची, की ठराव मंजूर. त्याआधी ते वाक्य काढा, अशी मी हात जोडून विनंती करते. माझी नेमणूक हंगामी आहे. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे विभागप्रमुख सरांच्या हाती आहे. ठाऊक असूनच बोलले.

मुजावर सर, तुम्हाला माझा नमस्कार.

चाचा, तुम्ही बसूनच राहा. बाकीचे उठूया. मीही उठेन, सरांसाठी. पण वाक्य तसंच राहणार असेल, तर अध्यक्ष महाराज, माझं गप्प राहणं मंजुरीत धरू नका.