पिल्लांच्या गाडीला जॅमर

मी, करुणा विकी चंदनशिवे, वय ३१ वर्षे, धंदा कुक्कुटपालन, रा. निरवांगी, ता. इंदापूर, जि. पुणे, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई ताईबाई व एक मुलगी यांच्यासह राहते. घरामागे आमचे ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे. पती नोकरीस असल्याने पिकअप गाडी मीच चालवते. माझ्याकडे लायसन्स आहे, ते दाखवले आहे. मला कोणी बोलावले नव्हते. बारामतीतील पार्किंगचे रखवालदार धोंडीबा मारकड, रा. सणसर, यांना सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे, असे समजल्यावरून मी स्वतः आले. ते बाहेर बाकावर बसलेले मी येताना पाहिले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलेले दिसत नाही.

काल सकाळी बारामतीजवळच्या हॅचरीतून मी एक दिवसाची तीन हजार पिल्ले खोक्यांतून गाडीत भरली. सोबत सासूबाई होत्या. पिल्लांच्या गाडीचे असे असते की, चालती असली तर वारा लागतो, थांबली की भट्टी. म्हणून वाटेत कोणी थांबत नाही. परंतु लस व बर्फ घ्यायचा राहिला होता. ती माझी चूक. त्यासाठी सुमारे ११.२० वाजता बारामतीत औषधाच्या दुकानासमोरील मोकळ्या प्लॉटमध्ये लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली.

तेथे पाटी होती का, असे विचारल्यावरून सांगते की, होती. त्याच लिंबाच्या खोडाला होती. मी वाचली नाही. पिल्लांची गाडी घेऊन आलेला माणूस आधी सावली बघतो. मी गेली चार वर्षे त्याच लिंबाखाली थांबत आले आहे व आमच्या धंद्यातले सगळेच थांबतात. प्लॉट विकला गेला आणि त्यावर पार्किंग सुरू झाले, हे लिंबाकडे बघून कळत नाही.

लस मिळण्यास गर्दीमुळे पंधरा मिनिटे लागली. सासूबाई बर्फाला गेल्या होत्या. परत आले तेव्हा पुढच्या डाव्या चाकाला पिवळा जॅमर होता व शेजारी खुर्चीवर धोंडीबा मारकड बसले होते. जॅमर त्यांनीच लावला होता, तसे त्यांनी लगेच कबूल केले. मी दंड पाचशे रुपये तिथल्या तिथे दिला. त्याची पावती हजर केली आहे. त्यामुळे दंड बुडवून पळून गेल्याची प्लॉटचे व्यवस्थापक राजवर्धन यांची तक्रार खोटी आहे.

पैसे दिल्यावर कळले की किल्ली नाही. किल्ली राजवर्धन यांच्या खिशात आणि ते इंदापूरला लग्नात. धोंडीबांनी माझ्यासमोर फोन लावला. पंगत बसली आहे, तीन वाजेपर्यंत येतो, असे उत्तर आले. मी फोन घेऊन गाडीत जिवंत पिल्ले असल्याचे सांगितले. कोंबड्याच आहेत ना, असे ते म्हणाले व फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. मी सतरा वेळा केला.

मी शांत होते असे म्हणणार नाही. मी धोंडीबांना वाटेल ते बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याला मी हातपाय नाहीत का म्हणाले. तोपर्यंत सासूबाई आल्या. आम्ही खोकी उतरवून लिंबाखाली मांडली, झाकणे काढून त्याच झाकणांनी वारा घालू लागलो. बर्फ मधे ठेवला. पिल्ले चोची उघडून पडली होती. पिल्लू ओरडते तोवर भीती नसते. बाराच्या सुमारास त्यांचा आवाज कमी झाला.

तेव्हा धोंडीबा उठले. त्यांनी खुर्ची उचलली, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली व आमच्याकडे पाठ करून बसले. आणि म्हणाले, "माजा टॅक्टर व्हता तवाची गोष्ट हाय. चाकातली हवा सोडली की त्याला आवळल्यालं कायबी ढिलं पडायचं. तोडायची गरजच न्हाय."

मी डोक्यातली पिन काढून व्हॉल्व्ह दाबून धरला. हवा गेली. जॅक लावून चाक उचलले, जॅमर हाताने हलवून बाहेर ओढला. नंतर स्टेपनी चढवली. नट मी आवळले. हाताला लागले आहे ते त्याचेच. जॅमर तुटलेला नाही, त्याचे कुलूप अजून लागलेलेच आहे. तो मी धोंडीबांच्या खुर्चीला टेकवून ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या कामाला पंचवीस मिनिटे लागली. तेवढा वेळ एक माणूस भिंत बघत बसला होता.

१२.४० वाजता आम्ही निघालो. घरी पोचल्यावर गूळपाणी ठेवले. जी पिल्ले प्यायली ती जगली. मेलेली सासूबाईंनी पाटीत भरून नेली. किती, ते मी विचारले नाही. त्यांच्या भरपाईचा दावा मी करत नाही.

दुसऱ्याच्या जागेत मी गाडी लावली, हे मला मान्य आहे. परंतु माझी गाडी बांधून ठेवायचा अधिकार जागामालकाला कोणत्या कायद्याने दिला, हे मला समजावे. असा प्रश्न जबाबात घेत नाहीत, असे हवालदार साहेबांनी सांगितले. मी घ्या म्हणाले. घेतला आहे.

धोंडीबांनी मला सामील होऊन जॅमर काढला, असे राजवर्धन यांचे म्हणणे असून काल संध्याकाळीच त्यांना कामावरून काढले आहे. त्याबाबत सांगते की, धोंडीबांनी जॅमरला, जॅकला किंवा गाडीला बोटही लावलेले नाही. प्लॉटवरच्या कॅमेऱ्यात पाहावे.

वरील जबाब मला वाचून दाखवला. तो ऐकताना टॅक्टरचे वाक्य आले तेव्हा बोलण्याच्या भरात मी काय सांगून बसले, हे माझ्या ध्यानात आले. मी ते वाक्य काढा म्हणाले. लिहिलेले खोडता येत नाही, फार तर पुढे वाढवता येते, असे हवालदार साहेब म्हणाले. म्हणून वाढवते की, धोंडीबा ते वाक्य मला म्हणाले नाहीत. ते भिंतीला म्हणाले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व तो बरोबर आहे.