सहा कोर आणि फुग्याचे दात

…आणि वर मलाच विचारतात, सहा की चार! अहो, मला काय ठाऊक? मी तिसरीत शाळेला रामराम ठोकलेला माणूस, आणि तो कम्प्युटरचा दुकानदार चेहरा असा गंभीर करून बसलेला, जणू माझ्या मुलीची सोयरीक जमवतोय! घरी आलो तर आमची ही विचारते, "चहात साखर किती?" माझ्या तोंडून निघालं, "सहा!" सहा चमचे घातले हो तिने… आणि पिईपर्यंत समोरून हलली नाही!

मुळात या लफड्यात मी पडलो का? तर फुग्यासाठी. फुग्या म्हणजे आमच्या बँडचा ट्रंपेटवाला. वाजवताना त्याचे गाल असे फुगायचे की मी मागून टाचणी घेऊन जायचो! आठ जणांचा बँड आमचा, त्यातले उरलो दोघं. मी क्लॅरिनेटवाला, बावीस वर्षं. तर गेल्या महिन्यात फुग्या म्हणतो, "पुढचे सगळे दात हलतायत रे. दातांच्या डॉक्टरने गुरुवार दिलाय, सगळे काढणार." तुम्हाला सांगतो, लोकांना वाटतं ट्रंपेट ओठांनी वाजतं, पण ओठांना मागून टेकू असतो तो दातांचा! दात गेले की फुग्याच्या हातात उरणार नुसता पितळी नळा. सांगताना हसत होता लेकाचा… पण ट्रंपेटच्या पेटीवरचा हात काही काढत नव्हता. मला ते बघवेना. म्हटलं, "फुग्या, त्याआधी तुझं वाजवणं घरच्या घरी रेकॉर्ड करून ठेवतो, आख्खा बँड उभा करतो!" बोलून गेलो. आणि गुरुवारी फुग्याचे दात!

मोबाइलवर का नाही घेतलं म्हणता? घेतलं की! पत्रा फाडल्यासारखा आवाज! मग सूनबाई म्हणाली, "बाबा, मायक्रोफोन मी मैत्रिणीकडून आणते. आपल्या जुन्या कम्प्युटरचा डबा आहे, पडदा आहे, फक्त प्रोसेसर म्हातारा झालाय. तेवढा बोर्डासकट नवा आणा. स्वस्तातला बरं का!" स्वस्तातला म्हटलं की घरात सगळे माझ्याकडेच का बघतात, देव जाणे.

गेलो. दुकानदार म्हणतो, "काका, गाणी करायची तर कोर किती हवेत?" म्हटलं, हे काय नवीन? "प्रोसेसरच्या आत राबणारी माणसं समजा. चार कोर, चार माणसं. सहा कोर, सहा माणसं." मी विचारलं, "त्यातले खरे राबतात किती आणि नुसते डुलतात किती?" त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय! अहो, बँडवाल्याला पहिला प्रश्न हाच सुचणार! मी बोटं मोजली: ट्रंपेट एक, क्लॅरिनेट एक, मोठा ड्रम, छोटा ड्रम, झांजा… आणि एक पुढे काठी फिरवणारा. म्हटलं, द्या सहा! तर सहातही दोन प्रकार. "हा स्वस्त आहे, पण घेऊ नका. याच्यात ग्राफिक्स नाही, चित्र दाखवायचं काम हा करत नाही." म्हटलं, "अरे शहाण्या, आम्हाला ऐकायचंय, बघायचंय कुठे? बांध तोच!"

मंगळवारी सूनबाईने बसवला. पंखा भणभणला, दिवे लागले, पडदा मात्र काळाकुट्ट! "बाबा, काही दिसल्याशिवाय मी बटण दाबू कुठे?" झालं! बुधवारी परत दुकानात. दुकानदार म्हणतो, "मी सांगितलं होतं काका…" म्हटलं, "सांगितलं होतंस, पण जोर लावून सांगितलं नव्हतंस! बदलून दे मुकाट्याने, उद्या फुग्याचे दात!"

बुधवारी संध्याकाळी एकदाचा पडदा उजळला. पंख्याची भणभण नको म्हणून डबा नेऊन ठेवला कपाटाआड. फुग्या उभा राहिला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा खोकला, तिसऱ्यांदा… काय सांगू! आमची ही पातेलं घासता घासता दारात आली, ती साबणाचे हात तसेच धरून उभी!

आणि तेवढ्यात सूनबाई म्हणते, "बाबा, आता तुमचं क्लॅरिनेट. एकट्याचं, वेगळं घ्यायचंय."

एकट्याचं!

आता तुम्ही घरचे म्हणून सांगतो. बावीस वर्षं मी ते तोंडाला लावलं, बोटं नाचवली, डुललो… पण सूर? एकसुद्धा काढला नाही! येतच नव्हतं! बँडचा उरलेला गणवेश माझ्या अंगाला बसला, म्हणून घेतलं होतं मला! आठ जणांच्या गोंगाटात कोण बघतंय?

तरी लावलं तोंडाला. डोळे मिटले, गाल फुगवले, डुललो. सूनबाईने हेडफोन लावून ऐकलं, परत ऐकलं. "बाबा, पडद्यावरच्या तुमच्या रेघेवर आवाजच नाही. प्रोसेसर पुन्हा बदलायचा का?"

मी म्हटलं, "तेच तर! कोर कमी पडले!"

फुग्या हसायला लागला, हलते दात धरून हसायला लागला. "अरे चोरा, मला आपल्या पहिल्या वरातीपासून माहीत आहे! तुझ्या वाटचंही मीच फुंकत होतो बावीस वर्षं, त्यातच तर हलले हे!"

गुरुवारी गेले दात. आता रोज येतो, बोळक्या तोंडाने स्वतःचंच ट्रंपेट ऐकतो, आणि सूनबाईला सांगतो, "आता जरा याचं क्लॅरिनेट लाव!" लावते ती! तिघंही कान देऊन ऐकतात, आमची ही तर वाहवा करते!

परवा सूनबाईने पडद्यावर कोर दाखवले. सहातला एक बिचारा राबतोय, पाच नुसते डुलतायत. "बाबा, चारसुद्धा खूप झाले असते."

आता मी काय बोलणार त्या पाचांना? बसला असेल गणवेश अंगाला!