पुढच्या मोसमाचं इंजिन

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या एका शिंपीणबाईंच्या शेजारी इंजिनं बनवणारे एक काका बसले होते. सोबत शर्यतीचा संघ चालवणारा पुतण्या होता.

"काका, पुढच्या मोसमाला दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेतोय."

"माझ्यापेक्षा जोरदार आहे?"

"नाही."

"मग टिकाऊ?"

"तेही नाही."

"मग माझं घोडं अडलं कुठे?"

"ते पाच वर्षं इंजिनं पुरवायची हमी देतात."

शिंपीणबाईंना हातातल्या मासिकाचं पान उलटवेना.

"म्हणजे डॉक्टर तुझ्याशी एकट्याशी बोलले तर."

"काका, मी..."

"अरे, बरोबर केलंस. त्यांच्या माणसाला उद्या घरी घेऊन ये. उताराच्या वळणावर आपली गाडी तापते, ते कुठे लिहिलेलं नाही. सांगून ठेवतो."

"उद्याच कशाला, काका? सावकाश सांगा."

"उद्याच आण."